इकडची माती तिकडे

बडोद्यात मांडवीच्या आसपास कुणी जुना वाडा पाडायला काढला, की घरमालकाला पहिल्याच आठवड्यात एक शोध लागतो. वाडा पाडणं स्वस्त असतं, पाडलेला वाडा तिथून हलवणं महाग. मांडवी म्हणजे जुन्या शहराचा मधला चौक. मोगल काळातली कमानींची चौकोनी इमारत मध्यभागी उभी, आणि तिथून लहेरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी या चार दरवाज्यांकडे चार रस्ते गेलेले. त्या रस्त्यांच्या पोटातल्या गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर भाजीवाल्याने श्वास रोखून धरायचा. तिथे डंपर शिरत नाही. छोटा टेम्पो शिरतो, पण शिरला की बाहेर पडायला उलटाच यावा लागतो. मग गाढवं येतात. दोन्ही अंगांना गोण्या, गोण्यांत माती, चुना आणि विटांचे तुकडे, आणि मागून चालणारा माणूस मोबाइलवर पुढच्या वाड्याचा सौदा करत असतो. गाढवाला रस्ता सांगावा लागत नाही. पोलीस बंदोबस्त असला तरी ते कमानीच्या कडेने बरोबर निघून जातं.

2025 मध्ये खुद्द मांडवीच्याच एका खांबाला तडे गेले आणि तिला लोखंडी टेकू द्यावे लागले. तेव्हापासून तिथून जाणारा प्रत्येक माणूस पायाखालच्या जमिनीचा तज्ज्ञ झाला. कुणी म्हणे खाली पाणी मुरलं, कुणी म्हणे वाहनांचे हादरे, कुणी म्हणे जुन्या लोकांनी पाया घातला तेव्हा माती चांगली होती, आता मातीतच राम राहिला नाही.

बडोद्याच्या मातीबद्दल असं बोलणं फारसं अन्यायाचं नाही. शहराच्या बऱ्याच भागांत जमिनीखाली काळी, चिकण माती आहे. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात वाळून आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उभं असलेलं घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली ठेवलं जातं. म्हणून जुलैत न लागणारा दरवाजा मेमध्ये गुमान लागतो, आणि सुतार दोन्ही वेळा पैसे घेऊन जातो. कंपाऊंडच्या भिंतीला तिरकी चीर पडली की आधी गवंड्याला शिव्या बसतात, मग सिमेंटला, मग शेजाऱ्याच्या झाडाला. मातीवर संशय जायला बराच वेळ लागतो, कारण ती तर नुसती पडून असते.

या मातीवर आपल्याकडे फार डोकं चाललेलं आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तिच्यासाठी तळाशी कांद्यासारखा फुगीर पाय असलेले खांब बसवायची पद्धत काढली. भेगा जिथवर जात नाहीत तिथवर खोल जायचं आणि तिथे पाय पसरून बसायचं. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा जाड थर काळ्या मातीवर दाबून बसवायचा, म्हणजे खालचीचं फुगणं आवरतं. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांना या उपायाने तारलं आहे. दुसरी वाट शास्त्र म्हणून उत्तमच, पण तिचा व्यवहारातला अर्थ एकच: मुरूम मागवा. आपल्या मातीचा गुण दाबायला दुसऱ्या गावची माती विकत आणा.

आणि इथून धंदा सुरू होतो.

शहराबाहेर, वासणा-भायली किंवा वाघोडिया रस्त्याकडे, एका प्लॉटवर तळघराचा खड्डा खणला जात असतो. तिथल्या माणसाला माती नकोशी झालेली असते. तिथून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या प्लॉटमध्ये पाणी साचतं, म्हणून तो मालक भरावाला माती शोधत असतो. हे दोघे एकमेकांना भेटले तर दोघांचा प्रश्न चहाच्या एका कपात सुटेल. पण ते भेटत नाहीत, कारण दोघांच्या मध्ये डंपरवाला उभा असतो. तो पहिल्याकडून माती उचलायचे पैसे घेतो, दुसऱ्याकडून माती टाकायचे. दुसऱ्या प्लॉटचे मराठी काका कधीतरी हिशेब धरून बसतात. “अहो भाई, ती माती तुम्हाला फुकट मिळाली ना?” डंपरवाला दुखावल्यासारखा होतो. “काका, माटीना पैसा क्यां लउं छुं? आ तो भाडुं छे.” आणि तो खरंच बोलत असतो. माती सगळीकडे फुकटच असते. डिझेल नसतं.

मातीचं मोल ती आहे तिथे शून्य, नको आहे तिथे उणे, आणि हवी आहे तिथे अंतर गुणिले भाडं. हे ज्याला नीट कळलं त्याने वाळवंटात काम घ्यायला हरकत नाही.

आता बडोद्याच्या माणसाला मांडवी म्हटलं की आपलाच चौक आठवतो, पण गुजरातेत मांडव्या बऱ्याच आहेत. सुरत जिल्ह्यात एक आहे. सर्वांत नावाजलेली कच्छमध्ये, समुद्रकाठी, रुक्मावती नदीच्या मुखाशी. तिथे आजही लाकडी गलबतं बांधतात. कुरियरवाल्यांना हे घोळ माहीत असतात, तरीही अधूनमधून बडोद्यातल्या मांडवीचा चिवडा कच्छच्या मांडवीची हवा खाऊन परत येतो. त्या मांडवीच्या उत्तरेला, भुजच्याही पलीकडे, कच्छचं मोठं रण पसरलेलं आहे. एकट्या कच्छ जिल्ह्याचं क्षेत्रफळ 45,674 चौरस किलोमीटर. केरळ राज्यापेक्षा जास्त. नकाशात पाहिलं तर तिथे मातीखेरीज काही दिसत नाही. साहजिकच बडोद्यातल्या कुणाही शहाण्या माणसाचा समज होतो, की मातीची टंचाई जगात कुठे नसेल तर ती तिथे.

15 डिसेंबर 2020 रोजी त्याच रणात, खावड्याजवळच्या ऊर्जा प्रकल्पाची कोनशिला बसली. 72,600 हेक्टर जमिनीवर सूर्य आणि वारा मिळून 30 गिगावॉट वीज तयार करायची अशी आखणी. एवढी जागा म्हणजे रस्ते आले, पायवाटा आल्या, तारांचे मनोरे, कामगारांच्या वसाहती, उपकेंद्रं आणि लाखो खांब आले. हे सगळं ज्यावर उभं करायचं ती जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. त्याच्याखाली ओली, निसरडी चिकणमाती. पापुद्र्यावर उभं राहून फोटो छान येतात. रोलर मात्र छान येत नाही, तो खाली जातो.

बडोद्याहून अशा कामांवर जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं, पुढे ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत मिळालं, आणि तिथून निघालेली मुलं मोजपट्टी घेऊन जगभर पांगली. अशा एखाद्या सिव्हिल इंजिनियरची आई डांडिया बाजारात राहते आणि रोज रात्री फोन करते. संवाद साधारण असा होतो.

“जेवलास का? आज काय केलंस दिवसभर?”

“अगं, मुरमाच्या गाड्या मोजल्या. पाच गाड्या कमी आल्या म्हणून कंत्राटदाराशी भांडण झालं.”

“गाड्या कुठून येतात?”

“लांबून. डोंगराकडच्या खाणीतून.”

“तू वाळवंटात आहेस ना रे? आणि माती विकत आणतोयस?”

“आई, इथली माती खारट आहे. चालत नाही.”

“मग धुऊन घ्या.”

यावर मुलगा गप्प बसतो, कारण आईने सांगितलेला उपाय शास्त्रात आहे. मिठाची जमीन गोड्या पाण्याने धुऊन काढता येते. फक्त तेवढं गोडं पाणी रणात असतं, तर तिथे ऊस लावला असता.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नियमपुस्तकात भरावाला कोणती माती चालत नाही याची यादी दिलेली आहे. दलदलीची नको, झाडपाला कुजलेली नको, फार फुगणारी नको, विरघळून जाणारे क्षार असलेली नको. ही यादी कुणी मुद्दाम गुजरातचा नकाशा समोर ठेवून केली असावी असा संशय येतो. बडोद्याची काळी माती एका कलमाने बाद, रणाची दुसऱ्या. मिठाचं भय पुन्हा दुहेरी. पाण्यात ते विरघळून गेलं की भरावात पोकळी राहते, आणि काँक्रीटमध्ये शिरलं की सळीला गंज चढतो. म्हणून रस्त्याखालच्या भरावाला बाहेरचा मुरूम, खडी बाहेरची, वाळूही बाहेरची.

वाळूची तर आणखीच गंमत आहे. सिमेंटची ताकद तपासायची तर भारतीय मानकाप्रमाणे ती ठरावीक प्रमाणित वाळू मिसळूनच तपासावी लागते, आणि ती वाळू येते तामिळनाडूतल्या एन्नोरहून, आकारमानानुसार चाळून, पिशव्यांत भरून. क्षितिजापर्यंत खारी माती पसरलेल्या मुलखात, पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळेत, कपाटात कुलूप लावून वाळू ठेवलेली असते. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून दाराला ओलं फडकंही लावतात.

माती आली, तिची बिलं झाली, तरी काम संपत नाही. ती दाबून बसवावी लागते, आणि कोरडी माती दबत नाही. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 साली याचा छडा लावला. प्रत्येक मातीला एक नेमका ओलावा असतो. त्याहून कमी पाणी घातलं तर कण एकमेकांवर घसरत नाहीत, जास्त घातलं तर चिखल होतो, बरोबर तेवढंच घातलं तर माती गप्प बसते. भराव आजही सगळीकडे त्यांच्याच चाचणीवर पारखला जातो, आणि कमाल घनतेच्या किमान 95 टक्के भरली तर काम पास. आता हिशेब करा. मुरमाला वजनाच्या आठ-दहा टक्के पाणी लागतं असं धरलं, तर पंधरा टनांच्या एका ट्रकमागे हजार-दीड हजार लिटर झालं. ते पाणी खारं चालत नाही. म्हणजे मुरमाच्या ट्रकमागून पाण्याचा टँकर, आणि वरून ऊन असं, की टँकरने शिंपडलेलं पाणी रोलर येईपर्यंत निम्मं उडून जातं. म्हणून दाबाईचं काम पहाटे उरकतात. दुपारी दोन वाजता रणात पाणी शिंपडणारा माणूस सूर्याची तहान भागवत असतो, आणि सूर्य बिल भरत नाही.

इथवर आयात झाली. पण कच्छला नुसतं गिऱ्हाईक समजू नये. हा जिल्हा मातीची निर्यातही करतो, आणि अशी करतो की बडोद्याच्या माणसाने कपाळावर हात मारून घ्यावा.

कच्छमध्ये, मांडवी तालुका धरून अनेक ठिकाणी, बेंटोनाइट नावाची माती सापडते. फिक्या पिवळ्या, हिरवट, राखाडी रंगाची, हाताला साबणासारखी गुळगुळीत. तिचा गुण कोणता? पाणी पडलं की फुगते. चांगली असली तर मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगते. हा गुण तिच्यात येतो तो माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे, आणि हेच खनिज बडोद्याच्या काळ्या मातीत बसून लोकांच्या कंपाऊंडच्या भिंती फोडतं. मूळही जवळपास एकच. सह्याद्री ज्या ज्वालामुखीच्या दगडाचा बनला, त्याच लाव्हाशी दोघींचं नातं आहे. एकाच खानदानातल्या दोन बहिणी. बडोद्याची घर मोडते म्हणून तिच्यावर मुरूम घालून तिला दाबतात, कच्छची दळून, चाळून, गोण्यांत भरून कांडला आणि मुंद्रा बंदरातून परदेशी जाते.

पुढे तिचं काय करतात हे ऐकल्यावर विश्वास बसत नाही. तेलविहिरी खणताना छिद्र ढासळू नये म्हणून तिचा रबडा आत सोडतात. लोखंडाच्या ओतकामाचे साचे तिने बांधतात. उंच इमारतींच्या पायाचे खोल खड्डे तिच्या घोळाने तोलून धरतात, म्हणजे मुंबईत मेट्रोच्या स्थानकाची भिंत जमिनीखाली उतरत असते तेव्हा खड्ड्याच्या कडा सांभाळणारा जो राखाडी द्रव दिसतो, तो हाच. आणि उरलीसुरली नव्हे, चांगली निवडून निवडून, ती युरोप-अमेरिकेतल्या मांजरांसाठी जाते. घरात पाळलेल्या मांजराच्या शीच्या पेटीत ही माती पसरतात. ओलावा लागला की तिचा गोळा होतो, मालकिणीने तो चमच्याने उचलून टाकायचा. म्हणजे कच्छच्या रस्त्यांना मुरूम मिळत नाही म्हणून तो लांबून आणायचा, आणि कच्छची माती सातासमुद्रापार मांजराच्या पायाखाली घालायची. व्यापारी दृष्टीने यात चूक काही नाही. टनाला भाव कुठे जास्त, एवढंच बघायचं.

मराठी माणसाने यावर हसण्यापूर्वी पेणची आठवण ठेवावी. रायगड जिल्ह्यातल्या पेणचे गणपती जगभर जातात, पण त्यांची शाडूची माती येते गुजरातेतल्या भावनगरच्या बाजूने. विसर्जनात ती कोकणच्या खाडीत विरघळते, आणि पुढल्या वर्षी पुन्हा गाड्या येतात. मातीची अशी नेमाने होणारी, मंगलमूर्ती आयात दुसरी नसेल.

आखातात गेलेल्या मराठी इंजिनियरांना कच्छच्या गोष्टीत नवल वाटत नाही. त्यांनी मोठा तमाशा पाहिलेला आहे. दुबईचं ताडाच्या आकाराचं बेट 2001 पासून उभारलं, त्याला सुमारे 9.4 कोटी घनमीटर वाळू लागली, आणि वाळवंट शेजारी असून ती वाळवंटातून घेतली नाही. वाऱ्याने हजारो वर्षं घोळलेले वाळवंटी कण गोल आणि गुळगुळीत होतात. ते एकमेकांत अडकत नाहीत, पाण्यात ढीग धरत नाहीत, काँक्रीटमध्येही नीट बसत नाहीत. म्हणून समुद्राचा तळ उपसून वाळू काढली आणि जहाजांवरून कमानीसारखी उडवत जागेवर टाकली. कतारचं दुखणं दगडाचं. काँक्रीटला लागणारा टणक काळा गॅब्रो तिथे नाही, तो शेजारच्या अमिरातीतून यायचा. 2017 मध्ये शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली तेव्हा दूध-भाजीबरोबर दगडाचीही पंचाईत झाली, आणि गॅब्रोसाठी ओमानचा दरवाजा ठोठवावा लागला. वाळवंटात राहून दगड उधार मागायची वेळ येते, हे पुस्तकात लिहिलं तर लेखकाला हसतील.

घरच्या बाजूलाही हसण्यासारखं कमी नाही. 2010 मध्ये गुजरातने आपली वाळू राज्याबाहेर न्यायला बंदी घातली. मुंबईच्या बिल्डरांना तापी-नर्मदेची वाळू लागायची, ती सीमेवर अडली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा नियम राज्याला करता येत नाही. म्हणजे वाळूला देशात कुठेही जायचं स्वातंत्र्य मिळालं. कर्नाटकात तर 2018 मध्ये सरकारी कंपनीने मलेशियाहून बोटीने आणलेली नदीची वाळू 50 किलोच्या गोण्यांत विकायला काढली. गोणीवर लेबल. तांदूळ घ्यायला गेलेल्या माणसाने चुकून घरी आणली तरी नवल नाही.

मातीवर सरकारची नजर पडली ती 3 फेब्रुवारी 2000 रोजी. त्या दिवशीच्या अधिसूचनेने भरावाला आणि सपाटीकरणाला वापरली जाणारी साधी माती गौण खनिज ठरली. रस्ता, रेल्वे, बांध किंवा इमारतीसाठी ती वापरली की तिच्यावर रॉयल्टी आली. त्यानंतर पुण्याच्या बिल्डरांवर एक अपूर्व प्रसंग गुदरला. तळघरासाठी खड्डा खणला, निघालेली माती त्याच प्लॉटवर खळग्यात टाकून जमीन सपाट केली. माती फाटकाबाहेर गेली नाही, पण नोटीस फाटकातून आत आली. उत्खनन केलंत, रॉयल्टी भरा. हे भांडण दिल्लीपर्यंत गेलं आणि 3 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नुसतं खणलं म्हणून रॉयल्टी लागत नाही, मातीचं पुढे काय केलं ते पाहावं लागेल. 2015 मध्ये महाराष्ट्राने नियमातच दुरुस्ती केली: प्लॉटची माती प्लॉटवरच सपाटीकरणाला वापरली तर रॉयल्टी नाही. स्वतःच्या अंगणातली माती इकडून तिकडे सारायला माणसाला पंधरा वर्षं थांबावं लागलं.

आपल्याच जागेत हा हिशेब बसवायचा असेल तर मोठं काम काढावं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे टेकडी, जवळजवळ नव्वद मीटर उंचीची, कापून काढली आणि तिचाच दगडमुरूम शेजारच्या पाणथळ जमिनीत भरला. टेकडी वर होती ती खाली आली, खाडीकाठ खाली होता तो वर आला, आणि मध्ये धावपट्टी आडवी पडली. बुलढाण्यात याहून साधी युक्ती निघाली. महामार्गाला मुरूम हवा, तलाव गाळाने भरलेले. तर तलाव खोल करा आणि तोच माल रस्त्याला घाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून तो दिल्लीतही गाजला. सरकारी कामात दोन गरजू माणसं एकमेकांना भेटली, आणि मधला माणूस ताटकळत राहिला, असं क्वचितच घडतं.

प्लॉटबाहेर गेलेल्या मातीत मात्र भांडण अटळ, कारण ती मोजायची कशी? ब्रास म्हणजे शंभर घनफूट, इथवर सगळ्यांचं एकमत. पण शंभर ब्रासचा खड्डा खणला की माती मोकळी होऊन ट्रकांत सव्वाशे ब्रास भरते, आणि तीच भरावावर टाकून रोलर फिरवला की नव्वदवर येते. खड्डा मोजणारा एक आकडा सांगतो, ट्रक मोजणारा दुसरा, भराव मोजणारा तिसरा. तिघेही खरे. बडोद्यात किंवा बीडमध्ये, मालक नव्वदचे पैसे देऊ पाहतो, डंपरवाला सव्वाशेचे मागतो, आणि सरकारी पंचनामा खड्ड्यात उतरलेला असतो. महाराष्ट्रात विनापरवाना उत्खनन सापडलं तर बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो, त्यामुळे तलाठ्याच्या हातातला टेप पाहिला की खड्ड्याच्या कडेला उभ्या माणसाला घाम फुटतो. काही खड्डे रात्री आपोआप उथळ होतात असं म्हणतात.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याने मातीचा उलटा धडा घेतला. विश्वामित्रीला पूर आला, वस्त्या पाण्यात गेल्या, आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवरून फिरू लागल्या. अकोट्याकडे एक मगर घराच्या छपरावर चढून बसलेली लोकांनी पाहिली. आता हे अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. पुरातत्त्वज्ञ बी. सुब्बाराव यांनी 1950 च्या सुमारास तिथल्या थरांचा अभ्यास केला. इसवी सन 600 च्या सुमारास विश्वामित्रीच्या महापुराने ते गाव उठलं आणि लोक पूर्वेच्या उंच जागेकडे, वटपद्रकाकडे, म्हणजे आजच्या जुन्या शहराच्या बाजूला सरकले, असं मानलं जातं. चौदाशे वर्षांपूर्वी माणसांनी जी जागा सोडली, तिथे परत बंगले झाले, आणि मग मगरीला वर चढावं लागलं.

पुढच्या वर्षी नदीचं पात्र मोकळं करायचं काम निघालं. यंत्रं उतरली, गाळ निघू लागला, मगरींना धक्का लागू नये म्हणून जाणकार उभे राहिले, आणि डंपरांच्या रांगा लागल्या. नदीकाठच्या कोतरांत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या घळींत, वर्षानुवर्षं जो भराव ढकलला गेला होता, त्याची आठवण लोकांना एकदम झाली. पाण्याने आपली जुनी वाट विचारली होती आणि तिथे सोसायट्या सापडल्या होत्या.

पण पुरानंतर खरी तेजी आली ती भरावाच्या धंद्यात. ज्याच्या घरात गुडघाभर पाणी आलं त्याने ठरवलं, अंगण दोन फूट उचलायचं. त्याने उचललं, तर पुढच्या पावसात त्याचं पाणी शेजारी गेलं. शेजाऱ्याने तीन फूट उचललं. मधल्या काळात रस्त्यावर डांबराचा आणखी एक थर पडला, आणि तोही वर चढला. ज्या घराने काहीच केलं नाही ते आता तळघरात राहिल्यासारखं दिसतं. त्या घरातल्या आजोबांनी अखेर डंपरवाल्याला बोलावलं. तो आला, अंगणात उभा राहिला, चपलेने जमीन खरवडून पाहिली.

“काका, केटला फूट नाखवानी?”

आजोबांनी डाव्या बाजूच्या बंगल्याकडे पाहिलं, मग उजव्या बाजूच्या, मग हातातली काठी कुंपणाच्या भिंतीला लावून अंदाज घेतला.

“त्यांच्यापेक्षा एक फूट जास्त टाका. आणि लवकर टाका, कालच डावीकडचे तुमचा नंबर विचारून गेले.”